आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

लिनक्सच्या प्रॅक्टिकलचं एखादं जर्नल उघडून बघा. सर्व्हर कोणताही असो, पहिल्या दोन स्टेप्स बहुतेक वेळा ठरलेल्या असतात. एक, एसई-लिनक्स डिसेबल करा. दोन, फायरवॉल बंद करा. आणि विषयाचं नाव काय, तर 'नेटवर्क सिक्युरिटी'! म्हणजे दाराची कडी काढायची, कुत्रा शेजाऱ्याकडे नेऊन बांधायचा, आणि मग ओसरीवर बसून 'चोरीपासून बचाव' या विषयावर निबंध लिहायचा.

माझं म्हणणं सरळ आहे. ही सवय आपण सोडायला हवी. एसई-लिनक्स अडवतं तेव्हा ते बहुतेक वेळा बरोबर असतं, आणि चूक असते एका फाइलच्या लेबलमध्ये. एका कमांडचं काम असतं आणि आपण त्यासाठी अख्खा पहारा उठवतो.

(मी कॉन्व्हेंटची. त्यामुळे जिथे मराठी शब्द अडला तिथे आपला रोजचा इंग्रजी शब्द घेतलाय. कमांड्सही उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात. मशीनवर त्या अर्थातच इंग्रजीत टाइप करायच्या.)

झालं काय?

आमच्या ओळखीच्या एका लॅबमध्ये एक प्रोजेक्ट सर्व्हर आहे. अल्मालिनक्स ९. त्यावर पोरापोरींचे मिनी प्रोजेक्ट चालतात. त्यातला एक प्रोजेक्ट लेडीज हॉस्टेलच्या आउट-पासचा. कोण मुलगी कोणत्या तारखेला घरी जाणार, कधी परतणार, आई-वडिलांचे मोबाइल नंबर... सगळं एका डेटाबेसमध्ये. डेटाबेसचं पोर्ट फक्त लॅबमधूनच उघडावं म्हणून एका सीनियरनं आयपी-टेबल्सची छान स्क्रिप्ट लिहिली, आणि मशीन सुरू होताना ती आपोआप चालावी म्हणून सिस्टिमडीची सर्व्हिसही बनवली. काम चोख होतं.

मग एका रात्री लाइन गेली. यूपीएसनं पंधरा मिनिटं दम धरला आणि सोडला. सकाळी मशीन सुरू झालं, प्रोजेक्ट सुरू झाले, सगळं आलबेल. फक्त फायरवॉल उठली नव्हती, आणि ते कोणालाच कळलं नाही.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. इंटरनेट बंद पडलं की दोन मिनिटांत बॉइज हॉस्टेलमधून "काऊन बे, नेट काऊन बंद हाय?" अशी आरोळी येते. फायरवॉल बंद पडली तर कोणीच ओरडत नाही, उलट सगळं जरा जास्तच सुरळीत चालतं! म्हणून हा बिघाड वाईट. तो आवाज करत नाही.

पुढे पोर्ट स्कॅनिंगच्या प्रॅक्टिकलमध्ये कोणाला तरी ते पोर्ट हॉस्टेलच्या बाजूनेही उघडं दिसलं. लॅबच्या भाऊंनी रूट म्हणून लॉगिन करून स्क्रिप्ट हातानं चालवली. चालली की! पोर्ट बंद झालं, विषय संपला. पुन्हा लाइन गेली, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी परीक्षा तोंडावर होत्या, कोणाला तरी नेहमीचा रामबाण आठवला आणि एसई-लिनक्स डिसेबल झालं. रीबूट केल्यावर स्क्रिप्ट आपोआप चालली आणि सगळे खूश.

मी आणि माझ्या प्रोजेक्ट पार्टनरनं नंतर ते मशीन नीट लावून घेतलं. पण मधल्या दिवसांत तो आउट-पासचा डेटाबेस कोणी उघडून बघितला का? बघितला असेल, नसेल. आमच्या हॉस्टेलच्या मुलींना याचं उत्तर कधीच मिळणार नाही.

हा पहारेकरी कोण?

थोडा इतिहास. लिनक्सच्या नेहमीच्या परवानग्या आपल्याला माहीत आहेत : रीड, राइट, एक्झिक्यूट. फाइल ज्याची, परवानगी त्याच्या मर्जीची, आणि रूटला तर सगळंच माफ. यात धोका असा की रूटच्या हक्कानं चालणारा एक प्रोग्राम फितूर झाला की अख्खं मशीन गेलं.

यावर उपाय म्हणून अमेरिकेच्या एनएसए या संस्थेनं एसई-लिनक्स तयार केलं आणि डिसेंबर २००० मध्ये त्याचा सोर्स कोड जगासाठी खुला केला. (हो, तीच एनएसए. पण कोड उघडा आहे, गेली वीस-पंचवीस वर्षं जगभरचे लोक तो वाचतायत.) डिसेंबर २००३ च्या २.६ कर्नलमध्ये ते आलं, नोव्हेंबर २००४ च्या फेडोरा कोअर ३ मध्ये ते आपोआप चालू राहू लागलं आणि २००५ मध्ये रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ४ मधून कंपन्यांच्या सर्व्हरवर पोचलं.

हे सगळं सातासमुद्रापारचं आहे असंही समजू नका. रेड हॅटचं मोठं ऑफिस पुण्यात आहे. फेडोराच्या वापरकर्त्यांचं आणि डेव्हलपर्सचं संमेलन, फुडकॉन, नोव्हेंबर २०११ मध्ये पुण्याच्या सीओईपीत भरलं होतं आणि २०१५ मध्ये पुन्हा पुण्यातच. आमच्या ढाणकी-उमरखेडकडची कितीतरी पोरं रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला नोकरीला जातात. त्यांच्या इंटरव्ह्यूला हा प्रश्न येऊ शकतो, आणि तिथे "सर, आम्ही डिसेबल करायचो" हे उत्तर चालत नाही.

लेबल म्हणजे सातबारा

एसई-लिनक्समध्ये प्रत्येक फाइलवर एक लेबल असतं आणि चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामवरही असतं. कोणत्या लेबलच्या प्रोग्रामनं कोणत्या लेबलच्या फाइलला काय करायचं, हे पॉलिसीत लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर नाही म्हणजे नाही, मग तुम्ही रूट असा नाहीतर आणखी कोणी.

आता ढाणकीचं उदाहरण घ्या. समजा एकानं वावर विकत घेतलं. पैसे दिले, खरेदीखत झालं, नांगरट झाली, कपाशी डोलायला लागली. पण तलाठ्याकडे फेरफार झालाच नाही. हा माणूस पीककर्जाला बँकेत गेला की साहेब एकच विचारणार, "सातबारा कोणाच्या नावावर आहे?" बँक कपाशी कोणी पेरली ते बघत नाही, उतारा बघते. माणूस खरा, वावर त्याचं, घाम त्याचा, तरी कर्ज नामंजूर.

त्या स्क्रिप्टचं हेच झालं होतं. सीनियरनं ती स्वतःच्या होम फोल्डरमध्ये लिहिली, तेव्हा तिच्यावर लेबल बसलं 'यूझर-होम-टी'. टेस्ट करून झाल्यावर त्यानं ती 'एमव्ही' कमांडनं यूएसआरच्या लोकलमधल्या एसबिन फोल्डरमध्ये हलवली. जागा बदलली, मालक बदलला, परवानग्याही बरोबर लावल्या. पण एमव्ही जुनं लेबल तसंच सोबत नेतं. म्हणजे स्क्रिप्ट राहायला आली सरकारी क्वार्टरमध्ये आणि सातबारा अजून गावच्या घराचा! तिथे लेबल हवं होतं 'बिन-टी'.

'सीपी'नं कॉपी केली असती तर नवी फाइल तयार झाली असती आणि तिला सहसा नव्या फोल्डरप्रमाणे लेबल मिळालं असतं. एवढ्याशा फरकावर हे सगळं रामायण घडलं.

हातानं चालतं, बूटला का नाही?

सगळ्यांना चकवणारा प्रश्न हाच आहे. स्क्रिप्ट तीच, रूट तोच, मशीनही तेच. मग हातानं चालवली की चालते आणि मशीन सुरू होताना चालत नाही, असं कसं?

कारण चालवणारा तोच नसतो. तुम्ही टर्मिनलवर रूट म्हणून बसता तेव्हा तुमच्या शेलचं लेबल असतं 'अनकन्फाइन्ड-टी', म्हणजे जवळजवळ मोकाट. मशीन सुरू होताना मात्र स्क्रिप्ट चालवतं सिस्टिमडी, आणि त्याचं लेबल असतं 'इनिट-टी'. पॉलिसी सांगते, इनिट-टीनं यूझर-होम-टी लेबलची फाइल एक्झिक्यूट करायची नाही. दोघंही रूट, पण पहारेकरी रूट बघतच नाही, लेबल बघतो.

आणि ही मनाई उगाच केलेली नाही. होम फोल्डर म्हणजे घरातली अडगळ. तिथे डाउनलोड केलेलं असतं, पेन ड्राइव्हमधून आलेलं असतं, मित्रानं पाठवलेलं असतं. अशी फाइल मशीन सुरू होताना रूटच्या हक्कानं चालू दिली, तर होम फोल्डरमध्ये लिहू शकणारा कोणीही उद्या मशीनचा मालक होईल. मशीननं नकार दिला तो अगदी योग्य दिला. आम्ही सगळे मात्र त्यालाच शिव्या देत होतो.

तपास कसा करायचा?

पाच पायऱ्या लिहिते. वॉर्डरोबच्या दाराला चिकटवून ठेवा.

१. आधी सर्व्हिसचं स्टेटस बघा. परवानग्या बरोबर असूनही 'परमिशन डिनाइड' आणि सोबत '२०३/एक्झेक' दिसलं, तर संशय लेबलवर घ्या.

२. 'गेट-एन्फोर्स' चालवा. 'एन्फोर्सिंग' असं उत्तर आलं तर पहारा चालू आहे. मग 'एयू-सर्च' कमांडनं ऑडिट लॉगमधले ताजे एव्हीसी संदेश काढा. तो संदेश घाबरवणारा दिसतो, पण वाचायच्या चारच गोष्टी असतात : कोणी मागितलं, काय करायला मागितलं, कशावर, आणि दोघांची लेबलं कोणती. आमच्या केसमध्ये इनिट-टीनं एक्झिक्यूट मागितलं होतं, यूझर-होम-टीवर. गुन्हेगार नाव-पत्त्यासकट लिहिलेला होता, फक्त कोणी वाचला नव्हता.

३. फाइलचं लेबल बघा. 'एलएस'ला मोठ्या लिपीतला झेड हा ऑप्शन दिला की लेबल दिसतं. आपण आयुष्यभर छोट्या एलचा ऑप्शन देऊन परवानग्याच बघत बसतो आणि "सगळं तर बरोबर आहे" म्हणून डोकं धरतो.

४. 'रिस्टोर-कॉन' चालवा. ही झाली तलाठ्याकडची फेरफार नोंद. कोणत्या जागेच्या फाइलला कोणतं लेबल, याची वही सिस्टिममध्ये आधीच असते. रिस्टोर-कॉन ती वही बघतं आणि लेबल दुरुस्त करतं. आमच्या स्क्रिप्टला एवढंच लागलं, एक ओळ.

५. मग मशीन खरोखर रीबूट करून बघा. हातानं चालवून खात्री झाली असं मानू नका. वर बघितलंच आहे, हाताची परीक्षा वेगळी आणि बूटची वेगळी.

स्क्रिप्टऐवजी आयपी-टेबल्सच्या नियमांची फाइल घरून आणून सिस-कॉन्फिग फोल्डरमध्ये हलवली तरी असाच घोळ होऊ शकतो. तिथेही औषध रिस्टोर-कॉनच. आणि स्क्रिप्ट तुम्हाला एखाद्या आडजागीच ठेवायची असेल, जिचं योग्य लेबल वहीत नाही, तर 'एसई-मॅनेज'नं वहीत नवी नोंद करा आणि मग रिस्टोर-कॉन चालवा.

तीन मोह

पहिला मोह अर्थातच डिसेबल करण्याचा. आमच्याकडे वावरातल्या डीपीचा फ्यूज सारखा उडायला लागला की कोणीतरी हुशार त्यात जाड तार टाकतो. फ्यूज उडायचा थांबतो. लोड तेवढाच राहतो, बिघाड तिथेच राहतो, फक्त आता जळायची पाळी मोटारीची येते. डिसेबल म्हणजे ही जाड तार. शिवाय यात एक छुपी किंमत आहे. डिसेबल असताना तयार होणाऱ्या फाइल्सना लेबलच लागत नाही. पुन्हा चालू करायचं तर सगळी डिस्क नव्यानं लेबल करावी लागते. आम्हाला आधी 'परमिसिव्ह' ठेवून, ऑटो-रिलेबल करून, लॉग तपासून मग एन्फोर्सिंगवर जावं लागलं. एका ओळीच्या कामाची अख्खी दुपार झाली.

दुसरा मोह 'ऑडिट-टू-अलाऊ'चा. ही कमांड लॉग वाचते आणि नकार मिळालेल्या गोष्टीला परवानगी देणारा नियम बनवून देते. आंधळेपणानं वापरली तर नियम काय बनेल? इनिट-टीनं यूझर-होम-टी खुशाल चालवावं! म्हणजे एका फाइलचा सातबारा दुरुस्त करायच्या ऐवजी गावातल्या सगळ्या जमिनींचा कायदाच बदलला. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

तिसरा मोह 'सीएच-कॉन'चा. हिनं लेबल लगेच बदलतं, पण वहीत नोंद होत नाही. पुढे कधी रिलेबल झालं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

शोधायचंच असेल तर परमिसिव्ह मोड आहे ना! त्यात अडवणूक होत नाही, पण काय अडवलं असतं ते लॉगमध्ये येत राहतं. तेवढ्यापुरता वापरा, आणि काम झालं की परत या.

"पण वेळ कुठे आहे?"

सर-मॅडमची बाजू मला कळते. प्रॅक्टिकलला दोन तास, पंचवीस मशीन, त्यातली चार बंद. अशात एखाद्याचा वेब सर्व्हर एसई-लिनक्समुळे अडला तर सर शिकवणार काय, वेब सर्व्हर की लेबल? म्हणून पहिल्या स्टेपला डिसेबल. आणि आपण एकटेच तसं करतो असंही नाही; भल्याभल्या सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलेशन गाइडमध्ये हा सल्ला छापून आलेला आहे.

तरी मला हे पटत नाही. आपण प्रॅक्टिकलमध्ये फक्त सर्व्हर शिकत नाही, सवयही शिकतो. लॅबमध्ये जी पहिली स्टेप हाताला बसली तीच उद्या एखाद्या बँकेच्या, हॉस्पिटलच्या सर्व्हरवर आपले हात आपोआप टाइप करणार. तेव्हा पलीकडे आउट-पासची वही नसेल, लोकांचे पैसे असतील.

हे पैसे कसे जातात ते आपल्या महाराष्ट्रानं बघितलंय. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून दोन-तीन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एटीएमवरच्या मागण्या बँकेच्या खऱ्या सिस्टिमपर्यंत पोचल्याच नाहीत, मध्येच बसवलेल्या बनावट स्विचनं त्या मंजूर केल्या. तिथे एसई-लिनक्स असतं तर हे टळलं असतं, असं मी म्हणत नाही. माझा मुद्दा एवढाच की मशीनमध्ये कोण कोणाशी बोलणार, कोण काय चालवणार, यावर पहारा असणं ही पुस्तकी हौस नाही.

आणि जिथे हा पहारा प्रत्यक्ष कामाला आला ते उदाहरणही आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये कंटेनर चालवणाऱ्या 'रन-सी' या प्रोग्राममध्ये मोठं भोक सापडलं. कंटेनरच्या आतून बाहेर येऊन अख्खं मशीन ताब्यात घेता येत होतं. रेड हॅटच्या ज्या मशीन्सवर एसई-लिनक्स एन्फोर्सिंग होतं, तिथे तो हल्ला लेबलवर अडत होता. पॅच यायच्या आधीसुद्धा! ज्यांनी आमच्यासारखी जाड तार टाकली होती, त्यांना ही ढाल नव्हती.

अजून पटत नसेल तर खिशातला मोबाइल काढा. अँड्रॉइड असेल तर त्यात एसई-लिनक्स आहे. २०१४ च्या अँड्रॉइड ५ पासून ते पूर्ण एन्फोर्सिंग आहे. म्हणजे मेसच्या रांगेत उभ्या असलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या हातात ते दिवसरात्र चालू असतं, आणि कोणाचंही काही अडत नाही. मग लॅबमध्येच आपलं काय अडतं?

माझ्या तीन मागण्या

एक. प्रॅक्टिकलच्या जर्नलमधून 'डिसेबल करा' ही ओळ काढून टाका. अगदीच नाइलाज असेल तर 'परमिसिव्ह करा, आणि शेवटी परत एन्फोर्सिंग करा' असं लिहा. शेवटची स्टेप तपासल्याशिवाय सही नको.

दोन. सेमिस्टरमध्ये एक प्रॅक्टिकल फक्त लेबलवर घ्या. मुद्दाम चुकीचं लेबल लावलेली फायरवॉल स्क्रिप्ट द्या आणि पोरांना शोधू द्या. दोन तास भरपूर झाले.

तीन. आपल्या या मराठी विभागासाठी. २०१३ मध्ये रेड हॅटच्या डॅन वॉल्श आणि मॉरिन डफी यांनी एसई-लिनक्सवर चक्क लहान मुलांसारखं रंगवायचं पुस्तक काढलं. कुत्र्याचं खाणं कुत्र्याला, मांजरीचं मांजरीला, आणि मध्ये कर्नल पहाऱ्याला. एवढ्यावर सगळी पॉलिसी समजते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पानं लिनक्सचे धडे मराठीत आणले. मग आपण आपल्या मराठीत, आपल्या गाय-म्हशींची चित्रं काढून, अशी चार पानं का काढू नयेत? ज्याला चित्र काढता येतं त्यानं पुढच्या अंकाआधी संपादकांकडे नाव द्यावं. मजकुराचं मी बघते.

तोपर्यंत एवढंच करा. पुढच्या वेळी फायरवॉलची स्क्रिप्ट बूटला रुसली तर हात डिसेबलकडे जायच्या आधी एलएसला मोठा झेड लावून बघा. आग कुठे लागलीय ते आधी पाहू या, बंब मग तिकडेच नेऊ.

— तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी
(मु. पो. ढाणकी, ता. उमरखेड, जि. यवतमाळ)